ओल्या तुरीची आमटी

डोंगराच्या पायथ्याला एक लहानसं गाव होतं. तिथे एक कोष्टी, त्याची बायको आणि म्हातारी आई अशी तीन माणसं राहत होती. एका श्रावणात कोष्ट्याची बायको चार दिवसांच्या तापात गेली. घरात माग उरला, चूल उरली आणि दोन गप्प माणसं उरली.

म्हातारीनं हळूहळू खाणं टाकलं. पुढ्यातलं ताट ती हातानं सरकवून द्यायची.

"आई, दोन घास तरी खा."

"सूनबाई करायची तशी आमटी कर. तेवढीच जाईल घशाखाली."

कोष्ट्यानं आमटी केली. म्हातारीनं बोट बुडवून चाखली आणि तोंड फिरवलं. "ही तिची नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. तीही तिची नव्हती.

तो शेजारणीकडे गेला. ती म्हणाली, "तिच्या आमटीत कैरी असायची, भाऊजी. मी स्वतः वाटीभर मागून नेली होती." मग देवळातल्या गुरवाला विचारलं, तर तो म्हणाला, "छे, कैरी कसली! चिंच आणि गूळ. तुमच्याच ओसरीवर बसून जेवलोय मी." कोष्टी गोंधळला. मग त्याला वाटलं, बायकांना यातलं जास्त कळतं. कैरीच असणार.

पण दिवस पौषातले. कैरी कुठून मिळणार? तो माग बंद ठेवून बाजाराच्या गावी निघाला. दुकान दुकान पालथं घातलं. शेवटी एका वाण्याकडे वाळलेल्या कैरीच्या काळ्या पडलेल्या फोडी मिळाल्या. तो तिसऱ्या दिवशी परतला. तोवर म्हातारी शेजारणीनं दिलेल्या पेजेच्या पाण्यावर होती. उचलून बसवताना ती त्याला सुताच्या लडीसारखी हलकी लागली.

त्यानं घाईनं आमटी रांधली. म्हातारीनं चाखली.

"नाही रे."

त्यानं भांडं उचललं आणि तसंच अंगणात उपडं केलं. समोरून परसापलीकडची कुंभारीण डोक्यावर मडकी घेऊन चालली होती. ती थांबली.

"अन्नावर कसला राग, भाऊजी?"

"मग तुम्हीच सांगा! एक म्हणतो कैरी, एक म्हणतो चिंच. ती घालायची तरी काय?"

"मला विचाराल तर अंबाडी. पावसाळ्यात खाल्ली होती ना मी." कुंभारणीनं मडकी खाली उतरवली. "तुम्ही तिला कधी रांधताना पाहिलं नाही का हो? मागावरून उठायचात, जेवायचात, की पुन्हा मागावर. ती आधी परसात जायची. काय आलंय ते बघायची आणि मग चूल पेटवायची. गाणं म्हणत करायची सगळं. कुंपणापलीकडे मला ऐकू यायचं."

कोष्ट्यानं उपडं भांडं सरळ केलं. इतक्या वर्षांत ते गाणं त्यानं ऐकलं नव्हतं. मागाचा आवाज मोठा असतो.

तो परसात गेला. कुंपणाला तूर शेंगांनी लगडली होती. एका वाफ्यात हरभरा होता, कडेला लसणाची पात. त्यानं शेंगा ओच्यात भरून आणल्या आणि आईच्या वाकळेशी बसून सोलू लागला.

"असं नाही, मेल्या. दाणा चिरडतोय. शिवणीवर दाब." म्हातारीनं एक शेंग ओढून घेतली. मग दुसरी घेतली.

"आंबटाला काही नाही, आई."

"जन्मभर लोकांचा हरभरा ओरबाडून खाल्लास ना? त्याचा पाला काय गोड लागतो?"

कोष्टी कितीतरी दिवसांनी हसला. त्यानं हरभऱ्याचे शेंडे खुडून आणले. दाणे तव्यावर टाकले. ते तडतडले, हिरवे होते ते ठिपक्याठिपक्यांनी करपले आणि घरभर वास सुटला. पाट्यावर लसणाच्या पातीबरोबर त्यानं ते भरड वाटले. पाणी घातलं, पाला सोडला, चमचा चाटला. काहीतरी राहिलं होतं. त्यानं जिरं टाकलं आणि पुन्हा चाटलं. या सगळ्यात दुपार कधी कलली ते त्याला कळलं नाही. आपण आईसाठी रांधतो आहोत हेही तो मधे काही वेळ विसरला होता.

म्हातारीनं वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला, मग दुसरा घेतला.

"तिची नाही झाली," ती म्हणाली.

"नाही झाली, आई."

"तिची आता व्हायची नाही." म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. "भाकर कुस्कर यात."

त्या दिवसापासून ती रोज थोडं थोडं जेवली. शेंगा सोलून द्यायची, मीठ जास्त झालं की बोलायची. पण शरीर फार खंगलं होतं. फाल्गुनात एका सकाळी ती उठली नाही.

सुतक फिटलं. कोष्ट्याला आता जेवायला मागणारं कोणी नव्हतं. दोन दिवस त्यानं शिळ्या भाकरीवर काढले. तिसऱ्या दिवशी मागावरून उठून तो परसात गेला. शेवग्याला कोवळ्या शेंगा आल्या होत्या. त्यानं चार काढल्या, सोलल्या आणि चूल पेटवली. घर रिकामं होतं आणि रिकामंच राहणार होतं. पण फोडणीत काय घालावं याचा विचार करत तो उभा होता, तेवढा वेळ ते अंगावर आलं नाही.

तात्पर्य: गेलेल्या माणसाच्या हातची चव परत आणता येत नाही. आज परसात जे आलं आहे, ते मन लावून रांधावं. दुःख त्यानं सरत नाही, पण दिवस पार पडतो.