चक्रम कोणाला म्हणायचं?

आमच्या घरात एक नियम होता. पुरुषाला चक्रम म्हणायचं नाही, ‘स्वभाव जरा वेगळा आहे’ म्हणायचं. बाईला मात्र खुशाल चक्रम, आगाऊ, नग म्हणायचं. असं का, हे विचारायचं नाही. मला ते कोडं कधीच सुटलं नाही.

माझ्या लग्नाची सुपारी फोडायला मुलाचे वडील, तात्यासाहेब इंगवले आले. “आमच्या रणधीरचा स्वभाव जरा वेगळा आहे,” हे त्यांनी गेल्या आठवड्यातच माझ्या अण्णाकाकांना किस्स्यांसकट कौतुकाने सांगितलं होतं.

मी विचारलं, “तात्यासाहेब, एखादी मुलगी आमटी गार असली की ताट भिरकावते, मग चार दिवस कोणाशी बोलत नाही. सून म्हणून चालेल?”

“छे! असला चक्रम नग कोण घरात घेईल? तोंडावर नकार द्यावा.”

अण्णाकाका गोंधळले. “अगं, कोणाबद्दल बोलतेयस?”

“रणधीररावांबद्दल. हे सगळं तात्यासाहेबांनीच तुम्हाला सांगितलं होतं ना?” मी तात्यासाहेबांकडे वळले. “तुमचा सल्ला पटला. माझा नकार.”

तात्यासाहेबांनी काकांकडे पाहिलं, काकांनी सुपारीकडे.