दोन सेकंदांची मुदत

"...म्हणजे चूक सर्व्हरचीच ना, गुरुजी?"

हर्षद बिडवेने तिसऱ्यांदा विचारले. कागद त्याने चटईवर आधीच पसरून ठेवला होता. पेनाचे टोपणही काढून ठेवले होते. माणूस मोठा तयारीचा.

गुरुजींचे ओठ हलले. उजवा कोपरा मात्र जागचा हलला नाही. एक अक्षर ओठांपर्यंत आले...

"सर्व्हरचीच. हो की नाही?"

अक्षर आत गेले. गुरुजींनी डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

भानुदास गुरुजींनी तीस वर्षे टेलिफोनची विद्या शिकवली आणि मग ते या डोंगरावरच्या मठीत येऊन राहिले. हर्षद त्यांचा सर्वांत हुशार शिष्य. निदान तो तरी सगळ्यांना तसेच सांगत असे.

जिल्ह्यात रुग्णवाहिका बोलावण्याचे ॲप त्याने लिहिले होते. बटण दाबले की फोन सर्व्हरला विचारणार, जवळची गाडी कोणती? दोन सेकंदांत उत्तर नाही आले, की तोडून पुन्हा विचारणार. लगेच. मधे श्वास घ्यायची सोय नाही.

लिहून झाल्यावर त्याने ते कौतुकाने गुरुजींना दाखवले होते.

"यात थांबायचं कुठं लिहिलंयस?" गुरुजींनी विचारले होते.

हर्षद हसला होता. "हल्ली थांबतं कोण, गुरुजी?"

मग जूनमधल्या एका मंगळवारी सर्व्हर जरासा मंदावला. उत्तराला पाच सेकंद लागू लागले, एवढेच. पण शेकडो फोन दर दोन सेकंदांनी तोच प्रश्न नव्याने विचारत सुटले, आणि एकाचेही उत्तर पुरे होईना. दीड तास जिल्ह्यात एक गाडी हलली नाही.

उद्या चौकशी होती. ॲप निर्दोष असल्याच्या कागदावर गुरुजींची सही असेल, तर त्यांच्या शब्दापुढे चौकशी समितीत कुणी चकार शब्द काढणार नव्हते. सही नसेल, तर हर्षदचे नाव कायमचे बुडाले. गुरुजींची तब्येत बरी नाही, हे त्याच्या कानावर आले होते. भेटायला यायला सवड तेवढी झाली नव्हती.

"गुरुजी, ऐकताय ना? सर्व्हर जर..."

"अवो, थांबा की जरा!"

गजराबाई दारातून ओरडली. मठीतला स्वयंपाक ती करायची. निवडायच्या तांदळाचे सूप घेऊन ती उंबऱ्याशी बसली.

"एकडाव इचारायचं अन् गप बसायचं. मधीच बोललं की त्यांचं समदं पुसतंय, पुन्ना पयल्यापासनं जुळवाय लागतंय. म्या पसाभर तांदूळ निवडते. तरी न्हाई बोललं, तर इचारते अन् दोन पसं निवडते. मग चार."

तिने गुरुजींकडे वळून विचारले, "आमटीत गूळ घालू?" आणि तांदळात बोटे घातली.

एक खडा. दुसरा. एक किडका दाणा... हर्षदने घड्याळ पाहिले. चाळीस सेकंद.

"थोडा," गुरुजी म्हणाले.

पुरा, स्वच्छ शब्द. हर्षदला लाज वाटली. जे या बाईला सूप हातात घेऊन उमगले होते, ते त्याला इतकी पुस्तके वाचून उमगले नव्हते.

"कधी झालं हे यांना?" त्याने हळूच विचारले.

"जूनात. मंगळवार व्हता. म्या चूल सारवीत व्हते, अन् हे एका अंगावर कलंडलं. फोनात गाडीचं बटान दाबलं. नुसतं चाक फिरतंय. पुन्ना दाबलं. फिरतंयच. गाडी आली तवा दोन तास झालं व्हतं. डागदर म्हनला, येळंत आणलं असतं तर वाचा ऱ्हायली असती."

तिला या पाहुण्याचे काम ठाऊक नव्हते. तांदळाकडे बघतच ती सांगत होती.

हर्षदने गुरुजींकडे पाहिले. त्यांना ठाऊक होते. त्याच्या पहिल्या प्रश्नापासून ठाऊक होते.

त्याने कागद मागे ओढायला हात पुढे केला. पण गुरुजींचा डावा हात आधीच कागदावर येऊन पडला होता. त्याच हातात पेन होते.

"नको, गुरुजी..."

पेन थबकले. उचलले गेले. पुन्हा सुरुवातीच्या जागी टेकले.

मग हर्षद बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो थांबला. वाकडेतिकडे एक अक्षर उतरले... मग दुसरे... गजराबाईचे सूप निम्मे झाले. सही पुरी झाली.

गुरुजींनी कागद त्याच्याकडे सरकवला. ओठ हलू लागले. हर्षद वाट पाहत राहिला. शिवी आली तरी चालेल, असे त्याला वाटत होते. शिवीच यावी, असे वाटत होते.

"ने..." गुरुजी म्हणाले. "तुला... घाई असेल."