प्रेत उठून बसलं तेव्हा

साखर कारखान्याचे अध्यक्ष दिनकरराव घोरपडे नाटकाला तिसऱ्या घंटेनंतरच येत आणि पहिल्या रांगेत बसून खुशाल फोनवर बोलत. नाट्यगृह कारखान्याचंच, त्यामुळे त्यांना गप्प कोण करणार? ते नाराज झाले, तर नाटक मंडळींना त्या गावात पुन्हा तारीख मिळायची नाही.

त्या दिवशी शेवटचा अंक रंगला होता. पांढऱ्या चादरीखाली काळसेकर प्रेत होऊन पडले होते आणि उशाशी बसलेली मालती विधवेचं स्वगत बोलत होती. साऱ्या नाटकाचा जीव त्या स्वगतात होता. तेवढ्यात पहिल्या रांगेत फोन वाजला.

"हां, बोल! किती गाड्या ऊस आला? अरे, मोठ्यानं बोल की!"

मालती थांबली. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. मागून शुक् शुक् झालं, पण अध्यक्षांचा ऊस काही संपेना.

अखेर प्रेतच चादर बाजूला सारून उठून बसलं. प्रेक्षकांत हशा पिकला.

अध्यक्ष खेकसले, "अहो काळसेकर, तुम्ही मेलात ना? आडवे व्हा!"

काळसेकर हात जोडून म्हणाले, "मलाही तसंच वाटलं होतं, साहेब. पण माणूस गेलेल्या घरात, प्रेतासमोर बसून कुणी उसाच्या गाड्या मोजत नाही. म्हटलं, म्हणजे आपण मेलेलो नसणार."

आता कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी फोन बंद केला आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. काळसेकर आडवे झाले. मालतीनं स्वगत पहिल्या शब्दापासून सुरू केलं.