कासवाचा सोमवारचा बोल

"कासवआजोबा म्हणे यापुढे नवा बोल..." एवढंच म्हणून कावळा उडून गेला आणि साळुंकीनं पुढचं मनानंच जोडलं.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा तळ्यातलं म्हातारं कासव दर सोमवारी जुन्या जाणत्यांचा एक बोल सांगायचं आणि रानातली जनावरं तो आठवडाभर घोकायची. साळुंकी घरोघर सांगत सुटली, "आजोबा आता कधीच बोलणार नाहीत हो!"

सोमवारी तळ्यावर ही गर्दी झाली! पाण्यात उतरायला वाट एकच, तिच्यावर सगळे बसलेले. डोळे मिटून मागचा बोल घोकत होते, "तहानलेल्याला वाट द्या, तहानलेल्याला वाट द्या."

मागे लंगडी हरिणी उभी होती. तिचा घसा पार सुकला होता. "दादा, जरा सरकता का?"

"गप गं, बोल घोकतोय ना!" रानडुक्कर खेकसलं.

साळुंकीचं डोकंच फिरलं. "अरे मेल्यांनो, तोंडानं वाट देताय, मग बूड का हलत नाही?"

कासवानं मान बाहेर काढली. ते रागानं म्हणालं, "ही कालपासून तहानलेली आहे! मी काय तुम्हाला गुंगी यावी म्हणून बोलतो?"

रानडुक्कर खाली मान घालून सरकलं, मग बाकीचेही. हरिणी पोटभर पाणी प्यायली.

"आणि आजचा बोल, आजोबा?" रानडुकरानं हळूच विचारलं.

कासव बोललं. पण बोल मागच्याच सोमवारचा होता.