रिकामी पखाल

“…म्हणजे सोडूनच देऊ, बाबा?”

गफूरशाहबाबा कफनीला ठिगळ लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“काय सोडता?”

“रोजे.”

बाबांचा टाका तिरका गेला. तो त्यांनी शांतपणे उसवला.

मणेरसर ओट्यावर टेकले होते. टेकडीवरचा हा बाबांचा तकिया म्हणजे फकिराची एक खोली, एक कडुनिंब आणि एक रांजण. गावातून वर येताना सरांनी दर वळणाला बसून घेतलं होतं. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेला माणूस. कुणी काही विचारायचा अवकाश, की व्याख्यान सुरू. आज मात्र विचारणारे तेच होते.

“पोरवयापासून एक रोजा चुकला नाही. यंदा पहिल्याच आठवड्यात पलंगावरून उठलो आणि भिंती गरगरल्या. डोकं ठणकतं. संध्याकाळी खातो, की अंग असं जड होतं… रात्रीच्या नमाजेला मशिदीत उभं राहवत नाही. उरलेला महिना निभायचा कसा?”

“डॉक्टर काय म्हणतो?”

“सगळं तपासलं. साखर, रक्तदाब, हृदय. म्हणाला, काही नाही, खुशाल धरा रोजे.” सरांचा आवाज बारीक झाला. “म्हणून तर जास्त घाबरलोय. शरीरात काही निघालं नाही, म्हणजे खोट दुसरीकडेच असणार. माझा ईमानच कच्चा असेल का, बाबा?”

बाबांनी सुई टोपीत खोचली.

“दिवसभर करता काय?”

हा प्रश्न सरांना आवडला. इथे त्यांची तयारी पक्की होती.

“शास्त्राला धरून चालतो. पहाटे सहेरीला पोटभर… पोटाच्या वरही थोडं. खिमा, पराठे, मलई, वरून तांब्यावर तांब्या पाणी. दिवसभराची बेगमी! मग खोलीत अंधार करून पडतो. नमाज तेवढी पलंगाशेजारी पढतो, की परत आडवा. हालचालच नाही, तर खर्च कसला? बेडूक बघा. थंडीत मातीत निजतो. महिनोन् महिने खात नाही, तरी मरत नाही.”

बाबा विचारात पडले.

“मास्तर, एक विचारू?”

“विचारा ना.”

“बेडकाला रमजान असतो का?”

“…नाही.”

“मग त्याचं कशाला ऐकता?”

सरांना हसू आलं नाही.

“सून म्हणते, अब्बा, आता वय झालं. रोजे सोडा, त्याबदली रोज एका गरिबाला जेवू घाला.”

“डॉक्टर म्हणतो धरा, सून म्हणते सोडा, आणि मास्तर आले फकिराकडे.” बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. “दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला!”

पखालीचं नाव काढलं आणि त्यांची नजर खुंटीकडे गेली.

खुंटीवर खरीच एक पखाल होती, खांद्यावरून पाणी वाहायची. बाबांचे वडील तिनं अर्ध्या गावाला पाणी घालायचे. आता चामडं सुकून पापड झालं होतं.

बाबांनी ती सरांच्या खांद्यावर ठेवली.

“खालच्या बारवेपर्यंत जा आणि या.”

“पाणी आणू?”

“रिकामीच न्या. रिकामीच आणा.”

“मग नेऊ कशाला?”

बाबांनी टोपीतली सुई पुन्हा हातात घेतली.

“उपाशी माणसाला चालायला लावता, बाबा? वाटेत पडलो तर?”

“ऊन उतरलंय. वाटेला सावली आहे. दमलात तर बसा. भोवळ आलीच, तर बारवेतलं पाणी प्या.”

“आणि रोजा?”

“अल्ला तुमच्याएवढा कडक मास्तर नाही.”

सर निघाले.

पखाल चालताना करकरत होती. तिची कड मानेला टोचत होती. सर दर झाडाखाली थांबून स्वतःची नाडी बघत. नाडी चालू होती. पखालीची मोडलेली घडी ते खांद्यावर सारखी करत, दुमडत, चोळत, पुन्हा सारखी करत. पाठीला थोडा घाम आला. वारा लागला, तसा तो गार झाला.

बारवेच्या काठावर ते घटकाभर बसले. पाण्यात एक बेडूक होता. सरांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

परत तकियाशी पोचेपर्यंत एक गोष्ट घडायची राहून गेली. सर पडले नाहीत.

“बाबा! मी पडलो नाही!”

“ते दिसतंय. पखाल बघा.”

सरांनी खांदा झुकवला. पखाल ओल्या पंच्यासारखी अलगद घसरून हातात आली. करकर थांबली होती.

खाली गावातून अजान ऐकू आली.

सरांचा हात डब्याकडे गेला. सुनेनं इफ्तारसाठी भजी, समोसे आणि लाल सरबताची भलीमोठी बाटली बांधून दिली होती.

“थांबा,” बाबा म्हणाले. “आधी पखालीचा रोजा सोडवा. ती तुमच्या आधीपासून उपाशी आहे.”

सरांनी घाईनं रांजणाशेजारची भरलेली घागर उचलली आणि सगळीच्या सगळी पखालीत उपडी केली.

शिवणी-शिवणीतून पिचकाऱ्या उडाल्या. सरांचा पायजमा मांडीपासून चिंब झाला.

“फाटकीच आहे की ही!”

“असं?”

बाबांनी उरलंसुरलं पाणी ओतून टाकलं. मग रांजणातून ओंजळभर घेतलं, पखालीत सोडलं, हलकेच घोळवलं आणि तिला ओट्यावर आडवी ठेवली.

“आता?” सरांनी विचारलं.

“आता तिला भिजू द्या. आपण आपलं बघू.”

बाबांनी खजूर पुढे केला. सरांनी तो तोंडात टाकला आणि सवयीनं बाटलीचं झाकण फिरवलं. बाटली ओठांपर्यंत गेली…

त्यांनी ओल्या पायजम्याकडे पाहिलं. बाटली खाली ठेवली.

रांजणातलं दोन घोट पाणी घेतलं. थांबले. आणखी एक घोट.

दोघांनी सूर्यास्ताची, मगरिबची नमाज पढली. सर सजद्यातून उठले, तेव्हा भिंती होत्या तिथेच उभ्या होत्या.

“आता घाला पाणी,” बाबा म्हणाले.

सरांनी बेताबेतानं धार धरली. शिवणी फुगून आवळल्या होत्या. थेंब गळला नाही.

“बाबा, फाटकी नव्हती!”

“मी कधी म्हटलं?”

“तोंडापर्यंत भरू?”

“भरा की. उचलणार कोण?”

सरांनी पखाल अर्धीच ठेवली.

मग जेवण झालं. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, वाटीभर ताक. सुनेच्या डब्यातलं एक भजं बाबांनी डोळे मिटून खाल्लं.

“झकास झालंय. सांगा तिला.”

“आणखी घ्या ना.”

“एवढं झकास झालंय, की एक पुरलं.”

सरांनीही एकच घेतलं. पोट हलकं होतं. डोकं ठणकत नव्हतं. त्यांनी दोनदा चाचपून पाहिलं, कुठे दुखतंय का. कुठेच नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

पखालीतलं पाणी त्यांनी कडुनिंबाला घातलं.

“आज मशिदीत उभा राहीन असं वाटतंय, बाबा.”

“मग निघा. उशीर कशाला?”

सर झपझप टेकडी उतरू लागले. वळणावर आले, आणि सगळ्या जन्माची धास्ती पुन्हा मानेवर बसली. ते मागे वळले.

“बाबा! माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. रोजे सोडू की धरू?”

बाबा ओट्यावर उभे होते. त्यांनी सरांच्या खांद्याकडे बोट दाखवलं.

सरांनी पाहिलं. पखाल त्यांच्याच खांद्यावर होती. रिकामी, मऊ. तिचं ओझं त्यांना जाणवलंच नव्हतं.

“अरे! ही खुंटीवर टांगायची राहिली. आलो, आणून देतो…”

“असू द्या, मास्तर,” बाबा वरून म्हणाले. “या महिन्यात खुंटीचा रोजा आहे.”