शब्दराख्या आणि घाटातली लेक

ही गोष्ट खूप जुनी आहे. इतकी जुनी, की ती जिथे घडली त्या गावाचे नाव आता कोणालाच आठवत नाही.

गाव एका उंच घाटाच्या पायथ्याशी होते. तिथे एक रीत होती. माणूस धडधाकट असतानाच आपला शेवटचा शब्द कोणाजवळ तरी देऊन ठेवी. आपल्याला केव्हा न्यावे, कोठे न्यावे, मागे राहिलेल्या भांड्याकुंड्यांतले कोणाला काय द्यावे, ते सारे त्या शब्दात असे. हा शब्द सांभाळणाऱ्याला शब्दराख्या म्हणत. तो नेहमी घराबाहेरचा असे, कारण घरच्यांचे डोळे दुःखाने भरलेले असतात, आणि कधी कधी हावेनेही.

शब्द ऐकला की शब्दराख्या तो पाठ होईपर्यंत म्हणत राही. मग चूळ भरी. आगेमागे जे काही बोलणे झाले असेल ते पाण्याबरोबर टाकून द्यायचे आणि शब्द तेवढा ठेवायचा, असा त्या चुळीचा अर्थ होता.

शब्द शब्दराख्याचा आणि खांदा घरच्यांचा, अशी कामाची वाटणी होती. शब्दराख्याने 'उचला' म्हटल्यावाचून तिरडी हलत नसे. घरच्यांनी खांदा दिल्यावाचून ती जमिनीवरून सुटत नसे.

त्या गावात पत्रावळी लावणारी एक म्हातारी होती. मुलगा आणि सून तिच्याजवळ राहत. लेक घाटावरच्या गावात दिलेली होती. म्हातारीने आपला शब्द गावच्या लोहाराजवळ ठेवला होता. लोहार सरळ मनाचा आणि हट्टी होता. एकदा हो म्हटले की मागे फिरणारा नव्हता.

थंडीच्या दिवसांत एका पहाटे म्हातारी झोपेतच गेली. एक शेजारी लगेच लेकीला सांगायला घाट चढू लागला. अंगणात माणसे जमली. सुनेने सासूला न्हाऊ घातले, नवे लुगडे नेसवले. तोवर लोहार आला, म्हातारीच्या पाया पडला आणि सर्वांसमोर उभा राहून त्याने शब्द सांगितला.

"सूर्य डोक्यावर येण्याआधी मला घरातून हलवा. कोणाचीही वाट पाहू नका."

अंगणातला जो तो मनात एकच हिशेब करत होता. निरोप्याने घाट चढायचा, मग लेकीने तो उतरायचा. दुपारच्या आत ती पोचणे शक्यच नव्हते.

मुलाने सांगितले की बहीण आल्यावाचून तो आईला हलू देणार नाही. लोहार म्हणाला की हा शब्द तुझ्या आईचाच आहे. मुलगा म्हणाला, असेल, पण बहीणही तिचीच लेक आहे. बोलण्याने बोलणे वाढले. त्यात म्हातारीची नणंद पडली. ती तोंडाने फटकळ होती.

"ऐरणीपाशी बसून बसून तुझं काळीजही लोखंडाचं झालं की रे," ती लोहाराला म्हणाली. "लेकीला आईचं तोंडसुद्धा दाखवायचं नाही?"

"आत्याबाई, माझ्या काळजाला कोणी विचारलेलं नाही," लोहार म्हणाला. "मी आज हा शब्द बदलला, तर उद्या तुमचा शब्द कोण सांभाळेल?"

हेही खोटे नव्हते. म्हणून भांडण आणखीच अवघड झाले.

शेवटी मुलाने खांद्यावरचा पंचा काढून उंबऱ्यावर टाकला आणि त्यावर बसला. ज्याला घाई असेल त्याने एकट्याने उचलावे, म्हणाला. लोहार तिरडीच्या पायथ्याशी तसाच उभा राहिला. दोघेही म्हातारीवर माया करणारे. दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली. ऊन अंगणाच्या मध्यापर्यंत आले.

सून इतका वेळ सासूच्या उशाशी बसून तिच्या तोंडावरच्या माशा वारत होती. ती मान वर न करता म्हणाली, "काका, हा शब्द देताना सासूबाई आणखी काय बोलल्या?"

"ते ठेवायचं नसतं, पोरी. मी चूळ भरली."

"चुळीनं तोंड धुतलं जातं, काका. आठवण कशी धुतली जाईल? बघा ना आठवून."

लोहार खाली बसला. मग हळूहळू सांगू लागला. म्हातारी विळीला धार लावून घ्यायला आली होती. भाता चालू होता. ती घाटाकडे बघत होती. वरच्या गावातला एक माणूस बापाच्या मरणाची बातमी ऐकून धावत सुटला आणि सुट्या दगडांच्या वळणावर पडून जन्माचा अधू झाला, ते ती सांगत होती. मग हसून म्हणाली होती की आपली लेक तर त्याच्याहून उतावळी आहे. कोणी वाट पाहत असेल, तर ती घाट उतरायची नाही, उडीच मारायची. त्यापेक्षा वाटच पाहू नये, म्हणजे ती सावकाश येईल. आणि त्यानंतर तिने शब्द दिला होता.

आत्याबाईने पदर तोंडाला लावला. मुलगा उंबऱ्यावरून उठला. सर्वांना एकच चित्र दिसत होते. निरोप्या पोचला असेल. 'लवकर चल' असेच म्हणाला असेल. आपल्यासाठी कोणी थांबेल की नाही हे ठाऊक नसलेली ती लेक या घटकेला घाटात धावत असेल.

"शब्द सांभाळला मी," लोहार म्हणाला. "ज्या काळजीनं तो दिला, ती काळजी तेवढी थुंकून टाकली." मग तो मुलाकडे वळला आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याने विचारले, "तू सांग, बाबा. काय करायचं?"

मुलाने पंचा उचलून खांद्यावर घेतला. गावाबाहेर अर्ध्या वाटेवर जांभळाखाली विसाव्याची जागा होती. तिथे तिरडी खाली ठेवून खांदेकरी खांदा बदलत. तिथे किती थांबायचे, ते घरचे ठरवत.

"आईला वेळेवर घरातून हलवू," तो म्हणाला. "विसाव्यावर मात्र आम्ही बसून राहू. तुम्ही घाटात जा, काका. शब्दराख्याचं बोलणं ती खरं मानेल."

लोहार म्हणाला, "उचला." मुलाने खांदा दिला. तिरडी अंगणातून निघाली तेव्हा सूर्य अजून माथ्यावर आला नव्हता.

लोहाराला लेक सुट्या दगडांच्या त्या वळणाच्या जरा वरच दिसली. अनवाणी, केस सुटलेले, एक गुडघा फुटलेला. निरोप्या कुठेतरी मागे राहिला होता. ती दगडांवरून घसरतच येत होती. लोहार वळणावर हात पसरून उभा राहिला.

"आई थांबली आहे," तो म्हणाला. "हळू उतर."

ती थबकली. खरेच का, असे तिने विचारले. लोहाराने मान डोलावली. तेव्हा ती तिथेच एका दगडावर बसली, त्याने दिलेले पाणी प्यायली आणि मग मोकळेपणाने रडली. तोवर तिला रडायलाही सवड झाली नव्हती. पुढचा घाट ती लोहाराचा हात धरून पाऊल बघत उतरली.

विसाव्यावर माणसे जांभळाच्या सावलीत बसून होती. कोणी कुरकुर केली नाही. लेकीने आईच्या तोंडावरून हात फिरवला, विस्कटलेले केस सारखे केले. आत्याबाई लोहाराला म्हणाली, "आणलीस रे धडधाकट. मघाचं माझं बोलणं तूही चूळ भरून टाक." लोहाराच्या तोंडावर दिवसभरात पहिल्यांदा हसू आले. मग भावाने पुढचा खांदा दिला, बहीण मागून चालली, आणि दिवस मावळण्याआधी म्हातारीला अग्नी दिला गेला. घरी परतताना सर्वांची पावले हलकी पडत होती.

त्यानंतर त्या गावाने चूळ भरणे सोडून दिले. शब्द देणारा शब्दाबरोबर त्याचे कारणही सांगू लागला, आणि ते ऐकायला शब्दराख्याच्या शेजारी घरचे एक माणूसही बसू लागले. तिरडी अंगणात अडून राहिल्याचे मग कधी कोणी ऐकले नाही.

तात्पर्य: गेलेल्या माणसाचा शब्द जरूर पाळावा, पण त्यामागची माया ओळखून पाळावा.