करंड्यावरचा पासवर्ड

उसाच्या मुलखातल्या एका गावात शालन नावाची एक हौशी बाई राहत होती. घरात वायफाय आलं तेव्हा तिला वाटलं, एवढी मोठी गोष्ट चार भिंतींत कोंडून ठेवणं बरं नव्हे. गावातल्या बायांनीही जग पाहावं, परगावी दिलेल्या लेकीचं तोंड पाहावं. तेवढ्यात संक्रांत आली. हळदीकुंकवाला बाकीच्या बाया वाट्या नि चाळण्यांचं वाण देत होत्या. शालनने कुंकवाचे करंडे आणले आणि प्रत्येकाच्या झाकणावर घरच्या वायफायचा पासवर्ड छापून घेतला.

धाकटी जाऊ मंदाकिनी करंडा हातात फिरवत म्हणाली, "अक्का, वाण द्यावं. घराची किल्ली कशाला?"

"तू आपली कायमची हात आखडती! कुणी चार घोट प्यायल्याने विहीर आटते का?"

बाया हसल्या. शालनने कुणाला वगळलं नाही. विधवांना बोलावलं, ऊसतोडीच्या टोळीतल्या बायांनाही मानाने पाटावर बसवलं. करंडे घरोघर गेले. मग रोज तिच्या कुंपणाबाहेरच्या कट्ट्यावर माणसं माना खाली घालून बसू लागली. काही ओळखीची, काही अनोळखी. शालन खिडकीतून बघायची आणि सुखावायची.

एके दिवशी मोबाइलवरून गावभर एक मजकूर फिरला: तानूबाई आपल्या केंद्रावरच्या दुधात भेसळ करते. लिहिणाऱ्याचं नाव खोटं होतं, मजकूरही खोटा होता. पण दुसऱ्या सकाळी तानूबाईच्या दूध संकलन केंद्रापुढे चिटपाखरू नव्हतं. लोक कॅन घेऊन पलीकडच्या केंद्रावर दूध घालायला निघाले होते. नवऱ्यामागे त्या केंद्रावरच तिचं घर चालत होतं. तिने ठाणं गाठलं.

चौकशी झाली आणि हवालदार येऊन उभे राहिले ते शालनच्या दारात. मागे तानूबाई होती.

"बाई, हा मजकूर तुमच्या कनेक्शनवरून गेलाय."

तानूबाई पुढे आली. "वहिनी, तुमच्या दुधाला फॅट कमी लागली, भाव कमी मिळाला म्हणून मागं भांडलात माझ्याशी. पण तोंडावर भांडलात. आता असं पाठीमागून?"

"मी नाही लिहिलं!" शालन म्हणाली.

"तुम्ही नाही, तर कोण?" हवालदारांनी विचारलं. "पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"गावाला," मंदाकिनी हळूच म्हणाली.

शालनने त्याच दिवशी पासवर्ड बदलला. पण सुटलेला मजकूर काही माघारी येत नव्हता. तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. भाकरी थापता थापता हात थांबायचा. करंडा घेऊन हसलेली एकेक बाई डोळ्यांपुढे यायची. ही असेल? का हिचा दीर? कट्ट्यावर कुणी खोकलं तरी ती धावत दाराशी यायची. ज्यांच्यासाठी दार उघडलं होतं, त्यांच्याकडेच आता ती चोरासारखं बघत होती.

शेजारीण कानाशी लागली. "टोळीतल्या कुणाचं तरी नाव सांग आणि मोकळी हो. हंगाम संपून कारखाना बंद झाला की ती माणसं जाणार निघून. कोण विचारतंय त्यांना?"

शालनला ते पटलं. पटलं म्हणूनच ती जास्त तळमळली. अखेर ठाण्याकडे जायला निघालीच. वाटेत टोळीच्या झोपड्या, कोप्या, होत्या. एका पाचटाच्या कोपीच्या दारात संक्रांतीला आलेली बाई चूल फुंकत होती.

"या की बाई, चहा घ्या!"

शालनने आत पाहिलं. आपण दिलेला करंडा देवापाशी ठेवलेला होता. झाकणाखालच्या कुंकवाला हात लागला होता. "त्यावर काय लिहिलंय हो?" बाईने विचारलं. झाकणावरची अक्षरं तिला वाचताही येत नव्हती.

शालन तिथूनच मागे फिरली. घरी येऊन तिने दुधाचा कॅन उचलला आणि भर चौकातून तानूबाईच्या केंद्रावर गेली. पलीकडे जाणारे लोक थबकले.

"ऐका!" ती म्हणाली. "मजकूर कुणी लिहिला, मला ठाऊक नाही. पण तो माझ्या दारातून गेला आणि दार मीच सताड उघडं टाकलं होतं. तानूबाईचं दूध चोख आहे. टोळीवाल्यांकडे बोट दाखवू नका. दाखवायचं तर माझ्याकडे दाखवा." मग तिने कॅन पुढे ठेवला. "हं, लाव फॅट."

तानूबाईने दूध तपासलं.

"कमीच लागलीय, वहिनी."

"लागू दे!"

चौकात कुणीतरी हसलं. एक म्हातारा कॅन घेऊन वळला, मग त्याच्या मागून दुसरा. केंद्र हळूहळू पुन्हा भरलं. मजकूर लिहिणारा मात्र कधीच सापडला नाही.

पुढच्या संक्रांतीला शालनने चाळण्या वाटल्या. एकीने डिवचलं, "काय वहिनी, यंदा वायफाय नाही वाटतं?"

"आहे की! पाहुण्यांसाठी वेगळं ठेवलंय. आत ये, बस, मी लावून देते. तू उठलीस की बंद. घरचं तेवढं घरच्यांना."

कट्टा आता मोकळा असतो. तरी बाहेर कुणी खोकलं की शालनची पावलं आजही खिडकीकडे वळतात.

तात्पर्य: दारी आलेल्याला पाणी जरूर द्यावं, पण घराची किल्ली वाटू नये, आणि वायफायचा पासवर्ड ही घराची किल्लीच असते. उघड्या दारातून दुसऱ्याचं पाप बाहेर पडलं, तरी त्याचा जाब घरधन्यालाच द्यावा लागतो.